देवीच्या नावाचे पैसे

आमच्या घरचा सगळा जमाखर्च जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांत बांधलेला असे. माझ्या आईला, आम्ही तिला आये म्हणायचो, अक्षरओळख नव्हती. पण हिशेबात तिला कुणी फसवून दाखवावं. पगाराच्या दिवशी बाबा गिरणीतून आले की पैसे तिच्या हातावर ठेवत, विडीकाडीपुरते तिच्याकडूनच मागून घेत, आणि मग ती दार लोटून जमिनीवर मांडी ठोकून बसे. हिरव्या चिंधीत खोलीचं भाडं. जांभळ्या चिंधीत वाणी. तांबड्या काठाच्या चिंधीत गावी आजीला करायची मनिऑर्डर. चौकड्याच्या चिंधीत कोळसा आणि रॉकेल. गाठी मारून झाल्या की सगळ्या पुरचुंड्या पत्र्याच्या पेटीत आणि पेटीची किल्ली तिच्या कमरेला. उरेल त्यात मासळी-भाजी, म्हणजे बहुतेक वेळा सुकटच.

एका पुरचुंडीतलं दुसरीत जायचं नाही, हा तिचा कायदा. वाण्याचे पैसे कमी पडले तर आठवडाभर पेज पिऊन राहू, पण भाड्याच्या गाठीला हात लागायचा नाही. मला तेव्हा ह्या चिंध्यांचा भारी राग यायचा. एकदा मी तिला शहाणपण शिकवायला गेले, की पैसे सगळे सारखेच, कुठलेही कुठूनही काढ. ती म्हणाली, असं म्हणणाऱ्यांची भांडीकुंडी चाळीच्या जिन्यात पडलेली तिने पाहिली आहेत.

ह्या सगळ्यांत एक पिवळी पुरचुंडी होती. ती गावच्या देवीची. मी तीन-चार वर्षांची असताना मला विषमज्वर झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आये देवीला नवस बोलली: पोर वाचली तर तिला घेऊन येईन, तुला लुगडं नेसवीन, बकरा देईन, गावाला जेवण घालीन. मी वाचले. पण गावी जायचं बोटीचं भाडं, लुगडं, बकरा आणि गावजेवण हे सगळं एका पगारातून कसं निघायचं? म्हणून दर महिन्याला ती देवीच्या नावाने थोडे बाजूला काढी. कधी थोडे म्हणजे अगदीच थोडे. बाबा सूत कातायच्या रिंगखात्यात होते. कापड विणायच्या साचाखात्यात पगार जास्त मिळे, पण तिथे आमच्या जातीच्या लोकांना घेत नसत. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागतो, त्याला आमचं विटाळाचं तोंड कसं चालणार? त्यामुळे देवी वर्षानुवर्षं पुरचुंडीतच वाट बघत राहिली.

मग आम्ही बौद्ध झालो. आमची अख्खी चाळच झाली म्हणा ना. बाबांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात गुंडाळले आणि दादरच्या चौपाटीवर जाऊन समुद्राला दिले. भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. आयेने सगळं मनापासून केलं, ते मी पाहिलं आहे. पांढरं लुगडं नेसून ती दीक्षेला उभी राहिली होती आणि परतताना मला म्हणाली होती, की आज पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय. घरी आल्यावर बाबांनी पिवळ्या पुरचुंडीकडे बोट दाखवून विचारलं, हिचं काय करायचं? आये म्हणाली, ते पैसे आहेत, देव नव्हे. बाबा खूश झाले. त्यांना वाटलं, बाईला पुरतं समजलं. पुरचुंडी पेटीत होती तिथेच राहिली.

समजलं नव्हतं ते आम्हालाच. मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, गेले त्या वर्षी ते कळलं.

तोपर्यंत मला फी माफ होती, मागासवर्गीय म्हणून. अकरावीच्या सुरुवातीला बाबांनी शाळेत जाऊन जातीच्या जागी बौद्ध लिहवून घेतलं. येताना लालबागहून जिलबी आणली होती त्यांनी. महिन्याभराने शाळेतल्या कारकुनाने मला बोलावून सांगितलं, की बौद्धांना सवलत लागू नाही, तुझी फी सुरू झाली. वडलांना सांग, जुनी जात लिहून द्या, सगळं पूर्ववत होईल. तो काही वाईट माणूस नव्हता. चाळीत एक-दोघांनी तसं मुकाट्याने लिहून दिलंही होतं आणि त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. पोरांच्या शिक्षणाचा प्रश्न होता. बाबा मात्र म्हणाले, एकदा उतरवलेलं जोखड फीच्या पैशासाठी पुन्हा मानेवर घ्यायचं नाही. पुढे बोलणंच नको.

त्यांचं बरोबर होतं. पण बरोबर असण्याचा खर्च आयेच्या अंगावर आला. पेटीत एक नवी चिंधी आली, माझ्याच फाटलेल्या परकराची, माझ्या फीची. ती चिंधी काही भरेना. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा गिरणीत काम कमी म्हणून पाळी बंद. खाडा झाला की पगार कापला. बाबा प्रत्येक मोर्चात. घसा बसेपर्यंत घोषणा देऊन यायचे आणि वर उत्साहाने सांगायचे, मुंबई आता मिळालीच म्हणून समज. आये भाकरी थापता थापता म्हणायची, मिळेल तेव्हा मिळेल, आज वाण्याला काय देऊ ते सांगा. तिला चळवळीचं वावडं होतं असं नाही. बायकांच्या मोर्चात ती स्वतः जाऊन आली होती. पण हरताळाच्या दिवशी चूल बंद ठेवता येत नाही, हे तिला रोज दिसत होतं.

तिने पोटाला चिमटे काढले, आमच्याही काढले. सकाळचा चहा कोरा झाला. डोक्याला तेल आठवड्यातून एकदा. संध्याकाळी उजेड असतानाच जेवून घ्यायचं, म्हणजे कंदील उशिरा लागतो. शेजारणीकडे दळण-कांडण करून ती चार पैसे आणायची ते परकराच्या चिंधीत टाकायची आणि पुढच्या हरताळाला तेच काढायची. हो, तिनेच स्वतःचा कायदा मोडला, माझ्या चिंधीपुरता. मला ते बघवत नसे आणि म्हणून मी तिच्यावरच चिडायचे. बारक्या पोरांना कसं, भूक लागली की आईच दिसते. माझं वय मोठं होऊनही तसंच होतं.

परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली. शाळेने सांगितलं, मागची थकलेली सगळी फी आणि परीक्षेची फी एकदम भरा, नाहीतर फॉर्म पुढे जाणार नाही. वर्गशिक्षिका भल्या होत्या, त्यांनी थोडी मुदत मागून दिली. घरी परकराच्या चिंधीत निम्मेही नव्हते. बाबांनी गिरणीत उचल मागितली, ती आधीच घेऊन झालेली. खालच्या मजल्यावरची एक बाई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. ती येऊन आयेला म्हणाली, पोरीला गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटवून देते, दोन वर्षांत कायम होईल, कशाला त्या मॅट्रिकच्या मागे लागता? आयेने तिला चहा दिला आणि हो-ना काहीच म्हटलं नाही. त्या न बोलण्याने माझ्या तोंडचं पाणी पळालं. मला गिरणी नको होती. मला शिक्षिका व्हायचं होतं आणि हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटी बाबांनीच पिवळ्या पुरचुंडीचा विषय काढला. म्हणाले, पैसे घरात पडलेत आणि आपण दारोदार फिरतोय. आये म्हणाली, ते आपले नाहीत. बाबा म्हणाले, मग कुणाचे? देवी आपण सोडली. ती म्हणाली, देवी सोडली, मानत नाही मी तिला, हात जोडत नाही. पण घेतलेलं आहे ना तिच्याकडून?

"काय घेतलंस?"

"ही पोरगी," आये म्हणाली.

बाबांनी तिला खूप समजावलं. ताप औषधाने उतरला, देवीने नव्हे. दीक्षेला प्रतिज्ञा काय घेतल्या आठव. तिला सगळ्या पाठ होत्या, माझ्याहून चांगल्या. ती मान हलवत राहिली आणि शेवटी म्हणाली, की तुमचं सगळं खरं आहे. पण मी ते पैसे खर्चले आणि हिला काही झालं, तर? मग बाबांचा तोल गेला. असलीच बायको असेल तर माणसाने धर्म बदलून करायचं काय, असं काहीतरी ते बोलले आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला दोघांचाही संताप आला. एकाला स्वाभिमान सोडवत नव्हता, दुसरीला भीती, आणि मधल्या मध्ये माझी परीक्षा बुडत होती. अशा घरात जन्माला यावंच कशाला, असं मला वाटलं, आणि मी ते मनात ठेवलं नाही, बोलले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी बाबांनी दाढी केली. पाळीला जायच्या कपड्यांऐवजी धुतलेला सदरा घातला. मग माझ्यासमोर येऊन बसले. त्यांना सही करता यायची, आणि समोर लिहिलेलं असलं तर बघून अक्षर काढता यायचं, एवढंच. खिशातून कागदाचा तुकडा काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"जुनी जात लिहून दे गो बाय, ठळक. मी तिथं बघून लिहीन."

मी पेन्सिल उचलली. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखंही वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हात चालेना. दीक्षेच्या दिवशी जो माणूस पांढऱ्या कपड्यांत ताठ चालत होता, तो हा माणूस वाटेना. मी पहिलं अक्षर काढलं.

"नको लिहू," आये म्हणाली.

ती चुलीपाशी होती. उठली, पेटी उघडली, पिवळी पुरचुंडी काढून जमिनीवर ठेवली. इतक्या वर्षांची गाठ, दगडासारखी झालेली. नखांनी सुटेना, दातांनी सुटेना. तिने विळी ओढली आणि गाठ कापली. तिने बाबांसमोर पैसे सरकवले. हळू आवाजात बाबांनी विचारलं, भीती गेली का? ती म्हणाली,

"भीती कुठं जाते? पण त्या कारकुनापुढं तुम्ही मान खाली घालायची नाय. मग आपण सोडलं ते काय?"

बाबांनी तो कागद माझ्या हातातून घेतला आणि चुलीत टाकला. पैसे रुमालात बांधून ते माझ्याबरोबर शाळेत आले. खिडकीशी पैसे मोजून दिले तेव्हा कारकुनाने जातीबद्दल काही विचारलं नाही. माझा फॉर्म गेला.

घरी त्या दिवसानंतर आये बदलली. अभ्यास करताना मी शिंकले की तिची मान वळायची. जिन्यातून जपून उतर, ट्राम आली की थांब, उघड्यावरचं खाऊ नकोस. मला जाच व्हायचा. परीक्षा सुरू झाली आणि दुसऱ्याच पेपरच्या सकाळी मी उठले ती अंग तापलेलं. साधा ताप होता, जागरणाचा. पण आयेने माझ्या कपाळाला हात लावला आणि ती माझ्या पायथ्याशी येऊन बसली. पूर्वी असं झालं की ती मीठ-मोहऱ्या ओवाळायची, देव्हाऱ्यासमोर पदर पसरायची, नवस बोलायची. आता देव्हाऱ्याच्या जागी तसबीर होती, आणि त्या तसबिरीकडे काही मागायचं नसतं, हे तिने मान्य केलं होतं. ती भिंतीकडे बघत राहिली. मग तिने माझा पाय दोन्ही हातांत धरला. मी म्हटलं, आये, काय करतेस? आई लेकीचे पाय धरते का?

"त्या देवीकडं आता कुठल्या तोंडानं मागू," ती म्हणाली. "दुसरं कुणी ठेवलं नाय मला. आता तुझ्याकडंच मागते, बाय. तू जग."

मला रडू आलं. बाबा दाराशी उभे होते. मी उठले, तोंड धुतलं, तिने दिलेला काढा पूर्ण प्याले आणि पेपरला गेले.