बँकेचे वकील, आमचे शेजारी

आमच्या शेजारचे वकीलसाहेब बँकेचे. कर्जात बुडालेल्या जिनिंगा, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरण्या, बँकेच्या ताब्यात मिळवून द्यायच्या, हेच त्यांचं काम. रोज सकाळी माझ्या हातचा चहा घ्यायचे. पण कोणी केसचं विचारलं, की चहा कितीही गोड असो, म्हणायचे, "वहिनी, साखर कमी झाली."

कापसाचे ते वाईट दिवस. बाभुळगाव रस्त्यावरच्या जिनिंगला ते सील लावायला आले, तेव्हा आमचा वर्षाचा कापूस आतच होता. मी धावतच गेले.

"काटा झाला का?" त्यांनी एवढंच विचारलं.

माझ्या गाडीचं वजन व्हायचं होतं. ते बँकेच्या साहेबांना म्हणाले, "न मोजलेला माल जिनिंगचा नाही, म्हणून आपलाही नाही. फाटक उघडा." माझी गाडी बाहेर आली.

दिराचा कापूस मात्र सकाळीच मोजून गंजीत पडला होता, अन् पैसे मिळाले नव्हते.

"काहून हो साहेब, एकाच घरचा कापूस ना?" दीर ओरडले.

"तुमचा काटा झाला. मी बँकेचा वकील आहो, तुमचा नाही." मग त्या साहेबांसमोरच, आवाज तसाच ठेवून म्हणाले, "काटाचिठ्ठी जपा. चांगला वकील करा अन् माह्याशी भांडा."

दिरांनी खरंच वकील केला. पहिल्या तारखेच्या सकाळी दीर अन् वकीलसाहेब दोघंही माझ्या ओट्यावर चहा पीत बसलेले.

"आज काय म्हणसान कोर्टात?" दिरांनी विचारलं.

वकीलसाहेबांनी कप माझ्यापुढे केला. "वहिनी, साखर कमी झाली."