शेवटचा थेंब

तेलाच्या दुकानात वाढलेली मुलगी हात राखून माप घालत नाही. तिचे बाबा गिऱ्हाइकाच्या बाटलीवर माप उपडं धरत, ते शेवटचा थेंब गळेपर्यंत हलवत नसत. गिऱ्हाईक "राहू द्या हो" म्हणालं तरी नाही. पोरीने तेच पाहिलं, तेच उचललं.

विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये तिचं घोडं नेमकं इथेच अडलं. पिपेट म्हणजे द्रव मोजायची काचेची नळी. ती रिकामी केली की टोकाशी एक थेंब उरतो आणि तो तसाच राहू द्यायचा असतो, कारण नळीवर खूण करणाऱ्याने तो आधीच वजा धरलेला असतो. हिचा हात मात्र नळीच्या वरच्या टोकाला लावलेला रबरी फुगा दाबून तो थेंब काढायचाच. मॅडम ओरडून थकल्या. वर्गाने तिला 'थेंबे' करून टाकलं. थेंबेही हट्टी, प्रॅक्टिकल संपलं की मागे थांबून नुसतं पाणी मोजत बसायची. हळूहळू हात वळणावर आला.

वर्षाअखेरीस पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेने सुट्टीतल्या कामासाठी पहिल्या वर्षाचा एकच विद्यार्थी मागितला. थेंबेला ती जागा मनापासून हवी होती. चाचणीत तीन मापं घ्यायची होती. दोन झकास जमली. तिसऱ्या वेळी नजर घड्याळाकडे गेली आणि बोटांनी घात केला. फुगा दाबला गेला. परीक्षा घेणाऱ्या केमिस्टबाई तेव्हा खिडकीशी फोनवर बोलत होत्या. त्यांचा फोन संपेपर्यंत ती उभी राहिली.

"मॅडम, तिसरं माप चुकलंय. मी शेवटचा थेंबही पाडला. परत घेऊ?"

"वेळ संपली."

"मग माझी दोनच धरा."

जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. त्याची तिन्ही मापं बरोबर आली होती.

दुकानात येऊन ती रिकाम्या डब्यावर बसली. बाबा एका गिऱ्हाइकाच्या बाटलीत तेल घालत होते. तिला फार वाईट वाटत होतं आणि ते लपवायची तिला सवय नव्हती.

"बाबा, गेलं ते काम. एक थेंब जास्त पडला."

"जास्त?" बाबांना ते पटेचना. "जास्त दिलं म्हणून कोणी काढतं होय?"

तिने नळी, खूण, थेंब असं सगळं समजावलं. बाबांनी नीट ऐकून घेतलं. हातातलं माप बाटलीवर उपडंच होतं.

"म्हणजे तो थेंब आपला नव्हेच?"

"नाही."

"मग सांगून टाकलंस ते बरं केलंस," बाबा म्हणाले आणि गिऱ्हाइकाचा थेंब पडेपर्यंत थांबले.