ओवाळणीतलं ग्राफिक्स कार्ड

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. नवीन पनवेलला आमच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत माझं टेबल आहे, आणि गेली नऊ वर्षं या भागातल्या हळदी, साखरपुडे, लग्नं माझ्या पडद्यावरून जातायत. गेल्या एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, पडद्यावर हिरव्या रेघा उमटल्या आणि तो काळा झाला. कॉम्प्युटरमधलं, पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड गेलं होतं. ते नसेल तर माझं काम जागचं हलत नाही.

गव्हाणच्या एका लग्नाचं चार दिवसांचं शूटिंग तेव्हा माझ्याकडे पडून होतं. मुलीचे वडील शांत माणूस, पण त्यांचाही फोन आला. "ताई, पोरीची सासू रोज इचारते. आमी काय सांगायचं तिला?" मी आठ दिवस मागून घेतले.

हे कार्ड मला धाकट्या भावाने दिलेलं. तो खारघरला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, माझा कॉम्प्युटरही त्यानेच जुळवून दिला. दोन वर्षांपूर्वी त्यातलं आधीचं कार्ड जळलं तेव्हा तो ते काढून घेऊन गेला आणि भाऊबीजेला तसलंच नवंकोरं बसवून म्हणाला, ही ओवाळणी समज. ते कौतुक मी किती जणींना सांगितलं असेल त्याला गणती नाही.

तीन वर्षांची वॉरंटी असते म्हणून मी त्याच्याकडे बिल मागितलं. पहिल्या दिवशी म्हणाला, शोधतो. मग म्हणाला, मेल सापडत नाही. मग म्हणाला, वॉरंटीचं विसर, नवीन घे. त्या महिन्यात मुलीच्या कॉलेजची फी होती, नवीन झेपणारं नव्हतं. शोधता शोधता एका साइटवर तेच कार्ड 'ओपन बॉक्स' म्हणून स्वस्तात दिसलं. खोकं उघडलेलं, माल न वापरलेला, असं खाली लिहिलेलं. काही गिऱ्हाइकांनी नव्यासारखं आहे म्हणून लिहिलं होतं. एकाने लिहिलं होतं, खोकं उघडलं तर जळका वास आला. दोन दिवस मी ते पान उघडत होते आणि बंद करत होते. शेवटी लिंक भावाला पाठवली.

त्याचा लगेच फोन आला. ओपन बॉक्स अजिबात घेऊ नकोस. का, विचारलं तर म्हणाला, सांगतोय ना, नको घेऊस. एरवी कुठल्याही गोष्टीवर अर्धा तास समजावणारा माणूस. मला ते खटकलं. रविवारी मी खारघरला गेले.

भावजयीने पोहे केले होते. मी पुन्हा तेच विचारलं, तेव्हा तो हसला.

"ताई, त्या खोक्यांत माल कुठून येतो माहितीये? लोकांनी परत केलेला. आणि लोक काय परत करतात, ते मला विचार."

"तुला का विचारू?"

मग त्याने सांगितलं. अगदी सहज, एखादी युक्ती सांगावी तसं. दोन वर्षांपूर्वी त्याने नवीन कार्ड मागवलं. त्यावरचं नंबराचं स्टिकर हलक्या हाताने काढून माझ्या जळक्या कार्डावर चिकटवलं, ते जळकं कार्ड खोक्यात घातलं आणि 'चालत नाही' म्हणून परत पाठवलं. पैसे परत आले. नवीन कार्ड माझ्या कॉम्प्युटरमध्ये बसलं. कागदोपत्री ते परत गेलेलं, मग बिल कुठून असणार?

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. म्हटलं, "म्हणजे माझं जळकं कार्ड कुणीतरी ओपन बॉक्स म्हणून घेतलं."

"कंपनी तपासते गं. कंपनीचं काय जातंय? सगळेच करतात."

कंपनी तपासते, तर मग मला घेऊ नको का म्हणतोस? मी विचारलं. भावजय म्हणाली, ताई, तुमच्यासाठीच केलं ना. तिथे माझा तोल गेला. मी नको नको ते बोलले. तुला ओवाळलं त्याची मला लाज वाटते, असं म्हणाले. त्याचा चेहरा पडला, तरी मी थांबले नाही. माझ्यासारखंच कुणीतरी, काम अडलेलं, दोन दिवस विचार करून बटण दाबणारं, त्याच्या हातात माझी राख गेली होती. मला न विचारता मला चोरीत भागीदार केलं होतं, आणि वर मी गावभर त्याचे गोडवे गात होते.

परत आल्यावर आईचा फोन आला. एवढ्याशा खोक्यावरून सख्ख्या भावाशी भांडतेस, म्हणाली. त्याने चोरी केली, मी सांगितलं. आई म्हणाली, चोरी कसली, कुणाच्या घरात शिरलाय का तो? मी फोन ठेवला. त्या आठवड्यात मला सगळ्यात जास्त राग कदाचित आईचाच आला.

बुधवारी दारावर पार्सल आलं. भावाने माझ्या नावाने सीलबंद नवीन कार्ड पाठवलं होतं. सोबत मेसेज, या वेळी बिल आहे. डिलिव्हरीवाल्याला मी म्हटलं, परत न्या.

"कारण काय टाकू, मॅडम?"

"नको आहे. एवढंच टाका."

त्याने मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि तो जिना उतरला. दार लावल्यावर मला रडू आलं, कारण ते कार्ड मला हवंच होतं.

मग मी पनवेलच्या बाजारातल्या एका दुकानातून वापरलेलं कार्ड घेतलं, खालच्या दर्जाचं. दुकानदाराने ते माझ्यासमोर तासभर चालवून दाखवलं, बिलावर 'जुने' असं लिहिलं आणि सही केली. त्यावर काम रखडत होतं, पण होत होतं. गव्हाणचा व्हिडिओ आठाऐवजी बावीस दिवसांनी दिला. मुलीच्या वडिलांनी पेनड्राइव्ह घेतला आणि चहाला न विचारता आत गेले. त्यांचं काही चुकलं नाही.

भावाशी मी बोलते, आईच्या औषधांपुरतं. त्या कार्डाबद्दल तो अजून म्हणतो की मी ताणते आहे. यंदा भाऊबीजेला तो आला, पाटावर बसला, मी ओवाळलं. ताटात त्याने पाकीट ठेवलं. ते मी त्याच्या देखत त्याच्या खिशात परत घातलं.