अक्काने न पाहिलेलं लग्न

माझी थोरली बहीण, आमची अक्का, पाचोऱ्याच्या शाळेत शिक्षिका होती. साखरेचा आजार तिला चाळिशीतच जडला, पण त्याचा तिने कधी बाऊ केला नाही. पुढे पित्ताशयात खडे झाले आणि ऑपरेशन करून पित्ताची पिशवीच काढून टाकली. दुखणं थांबलं, पण नवीनच काहीतरी मागे लागलं. दोन घास पोटात गेले की तिला धावत संडास गाठावा लागे.

डॉक्टर म्हणत, जंतुसंसर्ग आहे. गोळ्या देत. चार दिवस बरं वाटे, पुन्हा तेच. मग दुसरा डॉक्टर आणि पुन्हा जंतूंच्याच गोळ्या. अशी किती वर्षं गेली. एकदा वर्गातून धावत निघाली आणि वाटेतच फजिती झाली. पोरं हसली नाहीत, हेच तिला जास्त लागलं. त्या वर्षी तिने नोकरी सोडली. एसटीत बसणं सोडलं, पंगतीत बसणं सोडलं.

तिच्या लेकीचं लग्न शिरपूरला, नवऱ्या मुलाच्या गावी ठरलं. वऱ्हाडाची बस सकाळी लवकर निघणार होती. अक्काने आदल्या दुपारपासून अन्नाला हात लावला नाही. साखर उतरवायची गोळी मात्र नेमाने घेतली. मी दशमी पुढे केली, तर हसून म्हणाली, "पोटमा काहीच नही, तं भीती कसानी?"

मांडवात पोचलो तेव्हा ती घामाने भिजली होती. नवरी बाहेर यायच्या आतच ती खाली कोसळली. तिथल्या डॉक्टरांनी शिरेतून साखर दिली, शुद्ध आली, आणि लगेच धुळ्याला न्यायला सांगितलं. भाऊजी तिच्यासोबत गेले. मुहूर्त थांबवता येईना. कन्यादान मी आणि माझ्या यजमानांनी केलं. लेकीने चेहरा कोरडा ठेवला होता. बाहेर वरण-बट्टीची पंगत बसली होती.

धुळ्याच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "बाई, हे जुलाब ऑपरेशनच्या आधी होते का?"

"नव्हते."

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

ते म्हणाले, "पिशवी नसली की काहींचं पित्त सारखं झिरपतं आणि मोठ्या आतड्यात उतरतं. तिथले जंतू त्याचं रूप पालटतात, आणि मग जुलाब होतात. त्यातले पुष्कळ जंतू आपल्या उपयोगाचे असतात, दरवेळी गोळ्या देऊन आपण त्यांनाही मारलं. साखरेच्या आजाराशी याचं नातं असावं, पण ते आम्हालाही अजून नीट उमगलेलं नाही."

पित्त बांधून ठेवणारी एक पूड त्यांनी मुंबईहून मागवली. पाण्यात कालवून घ्यायची, चवीला वाळूसारखी. महिन्याभरात अक्का पोटभर जेवू लागली. धुळ्यातल्या देवपूरला माझ्याकडे एकटी एसटीने आली. मला आनंद झाला, आणि त्याच आनंदाने मला रडू आलं. औषध एवढं साधं होतं. शाळा मात्र गेली ती गेलीच.

त्या दिवशी दुपारी भांडी आवरताना तिने विचारलं, "मंगलाष्टकं चालू असताना पोर कुणाकडे बघत होती गं?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही.

"मांडवाच्या दाराकडे," मी म्हणाले.

अक्काने हातातलं ताट पुसलं, जागेवर ठेवलं आणि दुसरं घेतलं.