चारही आहेत

काकूंचा फोन सकाळी आला. "बेटा, तुझे बापूकाका गेले... जल्दी आ जा," एवढंच. आम्हा झाशीच्या मराठी माणसांचं रडणंसुद्धा अर्धं हिंदीत होतं. रिक्षात बसले आणि आधी काय मनात यावं? आता पाळी माझ्या डोळ्यांची!

काचबिंदू ही आमच्या घराची इस्टेट. वाटण्या न करताही प्रत्येकाला मिळू शकते. आजोबा त्यानेच आंधळे झाले. बापूकाका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. पाऊस ओसरला की छावणीच्या मैदानावर चतुर घिरट्या घालत, गल्लीतली मुलं त्यांना हेलिकॉप्टर म्हणत. काका एखादा अलगद पंखांना धरून माझ्यापुढे करत. "बघ, डोकं म्हणजे नुसते डोळेच! हजारो भिंगं. आणि हे काटेरी पाय, टोपलीसारखे पुढे गोळा झालेले. उडता उडता भक्ष्य पकडायला फार छान, चालायला मात्र कुचकामी." मी भिऊन मागे सरायची. इतके डोळे, आणि सगळे माझ्यावरच रोखलेले!

मेलेला एक चतुर त्यांनी पंख पसरून काचेच्या पेटीत टाचला होता. पेटी बैठकीच्या भिंतीवर असे. चारही पंखांच्या टोकांशी एकेक गडद ठिपका. रोज चहाआधी काका पेटीला जवळजवळ नाक लावून उभे राहत, एक डोळा झाकत, नजर चतुराच्या छातीवर ठेवत आणि कडेचे ठिपके दिसतात का ते पाहत. काचबिंदू नजर कडेकडूनच कुरतडत येतो ना! मग दुसरा डोळा. "चारही आहेत," असं ते म्हणाले की घरभर सुटकेचा निःश्वास. कुणी तपासून घ्या म्हटलं, की पेटीकडे बोट, "ये है न मेरा डॉक्टर!"

गेल्या दिवाळीच्या झाडलोटीत काकूंच्या हातून पेटी निसटली. मागचा डावा पंख तुटून तळाशी पडला. काकूंनी ती गुपचूप परत टांगली. मी फराळाला गेले तर कानाशी कुजबुजल्या, "बोलू नकोस हं, अभी खुद देखेंगे और चिल्लाएँगे." काका उठले. डोळा झाकला. आम्ही दोघी ओरडा खायच्या तयारीत...

"चारही आहेत," काका म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच म्हटलं, "काका, एक पंख तुटलाय." ते कितीतरी वेळ काचेवरून बोट फिरवत राहिले. "म्हणजे मी बघत नव्हतो गं... आठवत होतो."

डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी सांभाळू. ती सांभाळत असतानाच हृदयाने दगा दिला. त्याची आमच्यात कुणाला भीतीच नव्हती.

तेराव्यानंतर काकूंनी पेटी माझ्या हातात ठेवली. "तूच ने, मला नाही बघवत." आता ती माझ्या स्वयंपाकघरात आहे. रोज चहाआधी मी एक डोळा झाकून तिच्यापुढे उभी राहते. ठिपके तीन दिसतात. पण ते खरंच दिसतात, की तीनच उरलेत हे मला ठाऊक आहे म्हणून? काल धीर करून डॉक्टरांची वेळ घेतली.

आज सकाळी सवयीने पुन्हा पेटीपुढे गेले. डोळा झाकला, आणि माझ्याच तोंडून निघालं, "चारही आहेत."