कोनाचे तीन भाग

पत्र्याच्या कारखान्यात आखणी करणाऱ्या त्या माणसाला सगळे तिभागे म्हणायचे. खरं आडनाव हजेरीपुरतं उरलं होतं. नरसाळं असो की धुराडं, आधी सपाट पत्र्यावर पट्टी-कंपासने त्याचा आकार उलगडून काढायचा, हे त्याचं काम. हात असा साफ की कापणाऱ्याला रेघेबाहेर जायची लाज वाटावी.

तिभागे हे नाव पडलं एका पातळ पुस्तकापायी. मुलगी शाळेत असताना तिला गणिताची गोडी लागावी म्हणून त्याने ते आणलं आणि तिच्याआधी स्वतःच वाचायला घेतलं. त्यात जुन्या ग्रीक लोकांची हकिगत होती. कुठल्याही कोनाचे दोन सारखे भाग कंपास आणि बिनखुणांच्या पट्टीने चुटकीसरशी होतात. काटकोनाचे तीनही होतात. पण वाटेल त्या कोनाचे तीन भाग करायचे म्हटलं की दोन हजार वर्षं भलेभले डोकं आपटून गेले, आणि शेवटी ते अशक्य ठरलं, असं त्यात लिहिलं होतं.

तिभागेने 'अशक्य' हा शब्द 'अवघड' असा वाचला. त्याचंही बरोबरच होतं. कारखान्यात साहेब रोज कशाला ना कशाला अशक्य म्हणत, आणि संध्याकाळपर्यंत ते झालेलं असे.

कामावरून आला की हातपाय धुऊन तो खिडकीजवळच्या टेबलाशी बसू लागला. मुलगी कागद धरायची. तिथेच ती पहिलं वर्तुळ काढायला शिकली, पुढे गणितच शिकून कॉलेजात शिकवायला लागली. बापाची मात्र रीत बदलली नाही. लग्नकार्याला तो शेवटी पोचायचा आणि आधी निघायचा. बायको शेजारणीला म्हणायची, "सवत आणलीय यांनी. एक पाय टोकदार, दुसऱ्यात पेन्सिल."

निवृत्तीनंतर तर टेबल सुटेचना. मुलगी माहेरी आली की चपला काढायच्या आत तो नवी आकृती पुढे करायचा. "या खेपेला बघ. बसतंय."

ती बघायची, हिशेब करायची आणि म्हणायची, "जरासा फरक येतोय, बाबा."

"जरासाच ना? मग आलंच हातात."

हळूहळू तिचं येणं कमी झालं. एकदा आई तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "तुझ्या 'जरासा'वर ते जगतायत गं. आणि मी या दोन खोल्यांत त्यांच्या पाठीकडे बघत जगतेय. काय ते सरळ सांग ना एकदा."

त्या दुपारी मुलगी खुर्ची ओढून बापाशेजारी बसली. "बाबा, हे कोणाला सापडलं नाही असं नाही. ते सापडूच शकत नाही. दीड-दोनशे वर्षांपूर्वी एका तरुण गणितज्ञाने तसं सिद्ध केलंय."

"त्याला जमलं नसेल."

"ऐका तर. पट्टी आणि कंपास एका पावलात फार तर दुप्पट उडी मारू शकतात. दोन, चार, आठ, सोळा. गणिताच्या भाषेत ते वर्गमुळापर्यंतच पोचतात. साठ अंशांच्या कोनाचे तीन भाग करायला तिनाची उडी लागते. दोनाला दोनाने कितीही वेळा गुणा, त्याला तिनाने भाग जाईल का?"

त्याने कागदाच्या कडेला बत्तीस, चौसष्ट असं मांडून पाहिलं. "नाही जाणार," तो म्हणाला.

"पट्टीवर दोन खुणा करायची मुभा घेतली तर होतं. जुन्या लोकांनी तसं केलंही होतं."

"ती लबाडी झाली." कारखान्यात जन्मभर खुणांची पट्टी वापरलेला माणूस हे बोलला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मग इतकी वर्षं तू माझ्या चुका का काढत बसलीस?"

मुलीने मान खाली घातली. "तुम्ही वाट बघत असायचात माझी."

त्याने आदळआपट केली नाही. कंपास डब्यात ठेवला, टेबल पुसलं आणि बायकोला म्हणाला, "तुझ्या बहिणीकडे जायचं होतं ना? चल."

बायकोला जग जिंकल्यासारखं झालं. मेव्हणीकडे त्याचं आगतस्वागत झालं, गप्पा झाल्या. पण तो पाहुण्यासारखा हात मांडीवर ठेवून बसून राही. कोणी बोललं की हो म्हणे. नजर मात्र फरशीच्या कोपऱ्यांवरून फिरत राहायची. ठरलेला मुक्काम संपायच्या आधीच बायकोने पिशवी भरली. तिलाच बघवेना.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा टेबलाशी बसलेला दिसला. समोर कोरा कागद, त्यावर एक कोन.

"अहो, होत नाही ना ते?" ती दारातूनच म्हणाली.

"होत नाही. पटलंय मला."

"मग?"

"दुसरं काही येत नाही गं मला." तो मागे न बघता बोलला. "उठायचं म्हणतो सकाळपासून. उठून जाऊ कुठे, तेच कळत नाही."

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. रागवायचं म्हणून तोंड उघडलं, पण तिला आठवेना, इतक्या वर्षांत आपण तरी या दोन खोल्यांतून कुठे गेलो. ती आत येऊन पलंगाच्या कडेवर बसली.

"का होत नाही, ते मला तरी सांगा," ती म्हणाली.

तो वळला. दोन, चार, आठ इथवर त्याने नीट सांगितलं. पुढे अडला. "थांब, काढूनच दाखवतो," म्हणत त्याने कंपास उचलला आणि तिच्याकडे पाठ केली.