चार वाजताची हाक

मागच्या महिन्यात सकाळी बूथ उघडलं आणि पहिलाच फोन बीडच्या दवाखान्यातून आला, अप्पासर गेल्याचा. वडवणीत माझं एसटीडी बूथ आहे. गावातल्या बऱ्यावाईट बातम्या माझ्याच कानावरून जातात, त्यामुळं मन जरा निबर झालंय. पण त्या दिवशी रिसीव्हर हातातच राहिला...

अप्पासर आम्हाला जीवशास्त्र शिकवायचे. छडी नाही, जो चुकेल त्यानं बरोबर वाक्य सगळ्यांसमोर फळ्यावर दहा वेळा लिहायचं. ‘मेंदूतली पेशी एकदा गेली की नवी येत नाही,’ हे मीही दहादा लिहिलंय. सरांनी घरीही तेच खरं धरलं. मेंदूच्या झटक्यानं काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, वाचा गेली, ओळख गेली. सर त्यांना न्हाऊ घालायचे, घास भरवायचे, पण बोलणं बंद. कुणाशी बोलू, म्हणायचे.

दोन वर्षांनी सुनंदाचा फोन आला. सरांची जुनी विद्यार्थिनी, पुण्यात पेशींवर संशोधन करते. मी सरांना बूथवर बोलावून आणलं. आठवणी सांभाळणाऱ्या भागात म्हातारपणीही नव्या चेतापेशी जन्मतात, असं आता दिसलंय म्हणाली. पेशीवर निरोप धरणारे ग्राही असतात; निरोप पोचला तरच ती वाढीला लागते. यानं काकू बऱ्या होतील असं नाही, हेही तिनं बजावलं. सर बाकड्यावर बसले.

“दोन वर्षं हिला एक शब्द दिला न्हाई बे मी,” म्हणाले आणि लेकरासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात त्यांनी स्वतःची चूक दहा वेळा सुधारून लिहिली. तेव्हापासून चारची घंटा झाली की घरी उंबऱ्यातूनच हाक, “गिरजा, आलो गं.” मग खाटेशी बसून दिवसभराचं सगळं सांगायचं... कोण पास झालं, बाजारात मेथी कशी होती. काकूंची नजर छताला. लोक म्हणायचे, म्हातारं भिंतीशी बोलतंय. मीही हसलोय, खोटं कशाला सांगू.

परवा काकूंना भेटायला गेलो. त्यांची धाकटी बहीण आता सांभाळते. शाळेची चारची घंटा झाली आणि काकूंनी हळूहळू मान वळवली. दाराकडं बघत राहिल्या.

“दाजी गेल्यापासून रोज अशीच बघती,” बहीण म्हणाली.

सर असताना हे कधी दिसलं नाही. तेव्हा वाट बघावी लागतच नव्हती... मी उठून उंबऱ्यात गेलो. हाक ओठांवर आली, पण ती सरांची होती. “काकू, सर येणार न्हाईत,” एवढंच म्हणालो. त्यांच्यापर्यंत पोचलं का, ठाऊक नाही. मान दाराकडंच होती.